फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी सोय) लागत नाही, खालून आवाज येतो. अशी जुनी गाडी स्वस्तात मिळत असेल तर दुरुस्तीसाठी घ्यावी का?

घ्या, पण बिघाड नेमका कुठे आहे ते कळल्यावरच.

आधी ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) आणि दोन्ही डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यांचं) ऑइल थोडं काढून बोटांवर चोळा. ड्रेन प्लगच्या (ऑइल काढायच्या बुचाच्या) चुंबकावर करडी, मऊ पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. टोचणारे कण किंवा गिअरच्या दाताचा तुकडा सापडला, तर तो भाग पूर्ण उघडण्याचा खर्च धराच. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. बेअरिंग गंजलेली असू शकतात.

मग गाडी चालवून आवाज ऐका. ॲक्सिलरेटर दिल्यावर घूं-घूं आणि पाय काढताच आवाज बदलतो, तर संशय क्राउन-पिनियनवर (डिफरन्शियलमधल्या मुख्य गिअरच्या जोडीवर). गिअर टाकताना 'खट्' होत असेल तर प्रोपेलर शाफ्टचे (ताकद डिफरन्शियलपर्यंत नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, हाताने हलवून बघा, हे काम स्वस्तात होतं. पूर्ण वळणावर टकटक म्हणजे बहुधा सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा).

फोर बाय फोर न लागण्यामागे पुष्कळदा फाटलेली व्हॅक्यूम नळी, बिघडलेली शिफ्ट मोटर (दोन्ही फोर बाय फोर लावणारे भाग) किंवा गंजलेला कनेक्टर असतो, आणि मालक 'ट्रान्सफर केस गेली' म्हणून गाडी विकायला काढतो. घेण्यासारखी गाडी हीच!

क्राउन-पिनियन बदलायचं असेल तर बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजने मोजून शिमने (पातळ चकत्यांनी) बसवावा लागतो, अंदाजाने नाही. पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचा रेशो (गिअरचं प्रमाण) आणि चारही टायरचा साइझ जुळलाच पाहिजे, नाहीतर फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केसवर ताण येऊन ती फुटू शकते.

चेसिस गंजून भोकं पडली असतील तर मात्र सोडून द्या.