लेस्ट, ऑलबीइट, बिहोव्ह असले इंग्रजी शब्द वाक्यात बरोबर कसे वापरायचे?

तुम्ही लिहिलंय की लेस्ट, ऑलबीइट, नॉटविथस्टँडिंग आणि बिहोव्ह, इसचू, डेन या सगळ्यांचे अर्थ पाठ आहेत, तरी वाक्य करायला गेलं की चुकतं आणि बँकेच्या परीक्षेत मार्क जातात. माझंही अगदी हेच व्हायचं. मी काही इंग्रजीचा मास्तर नाही, पण कॉलेज करता करता चार वर्षं एका वकिलाकडे टायपिंगला होतो, दिवसभर करारनामे आणि नोटिसा, त्यामुळे हे शब्द रोज बोटाखालून गेलेत. (इंग्रजी वाक्यं पण देवनागरीतच टाइप करतोय, कीबोर्ड बदलायचा कंटाळा.)

पहिलं लेस्ट, कारण त्यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. एका पक्षकाराला तारखेची आठवण करायची होती तर मी मोठ्या ऐटीत लिहिलं, 'प्लीज नोट द डेट लेस्ट यू डोंट मिस इट'. साहेबांनी वाचून फक्त विचारलं, तारीख चुकवायला सांगतोयस का त्यांना? लेस्टच्या पोटातच 'नाही' आहे हो. आपण 'चुकू नये म्हणून' म्हणतो त्यातलं ते 'नये म्हणून' म्हणजे लेस्ट, मग पुढे परत नॉट टाकला की सगळं उलटं होतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये २५ एप्रिलला अँझॅक डे असतो, तेव्हा शहीद सैनिकांसाठी 'लेस्ट वी फर्गेट' म्हणतात, म्हणजे आपण विसरू नये म्हणून. त्यात डोंट कुठेय? दुसरं म्हणजे लेस्टनंतर शुड तरी घ्या नाहीतर क्रियापद नुसतं ठेवा, 'लेस्ट ही शुड फॉल' किंवा 'लेस्ट ही फॉल'. एस लावून 'फॉल्स' लिहिलेलंही हल्ली वाचायला मिळतं पण परीक्षेत तो धोका कशाला घ्या. आणि विल तर नकोच.

ऑलबीइटचा उच्चार आधी नीट करा, ऑल-बी-इट, तीन तुकडे. जुन्या इंग्रजीतले हे तीन शब्दच चिकटून झालाय तो. डिक्शनरीत 'जरी' असा अर्थ बघितला की माणूस हमखास चुकतो, कारण मग तो ऑल्दोसारखं पुढे अख्खं वाक्य जोडतो. त्यापेक्षा 'का होईना' धरा. उशिरा का होईना, पाऊस आला. 'द रेन केम, ऑलबीइट लेट'. छोटा का होईना पण स्वतःचा फ्लॅट, 'अ फ्लॅट ऑफ माय ओन, ऑलबीइट अ स्मॉल वन'. बघा, 'का होईना'च्या आधी आपण जेवढा एकदोन शब्दांचा तुकडा ठेवतो तेवढाच इंग्रजीत ऑलबीइटच्या नंतर जातो. मला हे कळलं त्या दिवसापासून हा शब्द एकदाही चुकलेला नाही.

आता खरी गोची सांगतो. आपली अव्ययं जोडीनं फिरतात, जरी-तरी, जर-तर, जोपर्यंत-तोपर्यंत, आणि इंग्रजीतली बहुतेक एकटी असतात, म्हणून आपल्या हातून 'ऑल्दो इट वॉज रेनिंग बट वी वेंट' होतं, तो बट म्हणजे आपला 'तरी' आहे, तो काढून टाका. तसंच 'अनटिल ही डझ नॉट कम', कारण डोक्यात 'तो येत नाही तोपर्यंत' चालू असतं. डझ नॉट उडवा, 'अनटिल ही कम्स' झालं. उलट 'नो सूनर' एकटा लिहून चालत नाही, त्याला दॅन लागतोच, आणि तिथे बरेच जण व्हेन लिहून मार्क घालवतात.

नॉटविथस्टँडिंग म्हणजे सरकारी मराठीतलं 'काहीही असले तरी'. घटनेचं कलम ३७० २०१९ मध्ये बदलेपर्यंत याच शब्दानं सुरू व्हायचं. त्याला पुढे नाम द्या, वाक्य नको, 'नॉटविथस्टँडिंग द रेन', आणि गंमत म्हणजे हा नामाच्या मागेही बसतो, 'द रेन नॉटविथस्टँडिंग'. व्हेअरॅजला करारात 'ज्याअर्थी' म्हणतात पण परीक्षेत बहुतेक वेळा 'तर' एवढाच अर्थ असतो, भाऊ शांत तर बहीण बडबडी.

क्रियापदांचं म्हणाल तर बिहोव्ह म्हणजे शोभणे, त्याचा कर्ता कायम इट. 'हे तुला शोभत नाही' यात तू कर्ता नाहीस ना, तसंच तिकडेही, 'इट डझ नॉट बिहोव्ह यू टु शाउट'. 'यू डोंट बिहोव्ह' असं कधी लिहू नका. अमेरिकन लोक बिहूव्ह म्हणतात, स्पेलिंगमध्ये एक ओ जास्त. इसचू म्हणजे नुसतं टाळणं नाही, वर्ज्य करणं. चातुर्मासात आजी कांदा-लसूण खात नाही ते इसचू, मी सिंहगड रोडचं ट्रॅफिक टाळतो ते साधं अव्हॉइड. आणि त्याच्यापुढे नाम किंवा आयएनजीवालं रूप, टु नको.

राहिलं डेन, स्पेलिंग डी-ई-आय-जी-एन, यातला जी बोलायचा नाही. तुम्ही प्रश्नाच्या शेवटी लिहिलंय, 'प्लीज डेन टु आन्सर'. तुम्हाला 'कृपया उत्तर द्यावे' म्हणायचं होतं हे कळलं मला, पण डेन म्हणजे स्वतःला फार मोठा समजणाऱ्यानं मेहरबानी करून खाली उतरणं, 'ही डिड नॉट डेन टु रिप्लाय' म्हणजे साहेबांनी उत्तर द्यायची तसदीसुद्धा घेतली नाही. म्हणजे तुम्ही मला चक्क टोमणा मारलाय 😄 मी हसून सोडला, पण बँकेत लागल्यावर मॅनेजरला मेल करताना तेवढं 'काइंडली'च राहू द्या.