पोरगा बेंचवरच बसून राहिला, आता लोनवर पाठवायचं का?

प्रश्न : भाऊ नमस्कार, आमचा पोरगा 19 वर्षांचा, फुटबॉलमध्ये गोलकीपर आहे. मोहननगरला खेळून मोठा झाला, मागच्या वर्षी बाहेरच्या एका क्लबनं कॉन्ट्रॅक्ट दिलं तेव्हा आम्ही अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. पण पूर्ण सीझन तिसरा कीपर म्हणून बसून राहिला, एक मॅच नाही. आता क्लब म्हणते खालच्या डिव्हिजनच्या टीमकडे लोनवर जा. त्याची आई म्हणते हाकलून राहिले पोराला, अन् आमचे मेहुणे म्हणतात स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत चिकटव. काय करावं?
— एक वडील, नागपूर

उत्तर : भाऊ, पहिले वहिनींना सांगा की हाकलायचंच असतं तर कॉन्ट्रॅक्ट संपवून मोकळे झाले असते, लोनवर कशाला धाडतील? लोनमध्ये पोरगा त्याच क्लबचा राहतो, फक्त खेळायला दुसरीकडे जातो. आणि कीपरचं गणितच वेगळं असतं, स्ट्रायकर चार असले तर चौघांनाही शेवटची वीस-वीस मिनिटं मिळून जातात, पण कीपर एकदा उभा झाला की दुखापत झाली, रेड कार्ड मिळालं किंवा फारच गचाळ खेळला तरच बदलतो. जागाच एक आहे बाप्पा! त्यामुळे 19 व्या वर्षी बेंचवर आहे म्हणून पोरगा कच्चा, असं काही नाही.

इंग्लंडचा कीपर जॉर्डन पिकफर्ड बघा. संडरलंड क्लबचा पोरगा, पण क्लबनं त्याला 2012 मध्ये पाचव्या पातळीवरच्या डार्लिंग्टनला लोनवर दिलं, मग अल्फ्रेटन, बर्टन, कार्लाइल, ब्रॅडफर्ड, प्रेस्टन, असे सहा क्लब फिरला, हळूहळू वर वर सरकत. 2018 च्या वर्ल्डकपमध्ये कोलंबियाची पेनल्टी अडवणारा तो हाच. आपल्या भारताचा कीपर गुरप्रीतसिंग संधूलाही ईस्ट बंगाल क्लबनं सुरुवातीला पैलान ॲरोज टीमला लोनवर दिलं होतं. पुढे तो 2014 ला नॉर्वेच्या स्टाबेक क्लबला गेला आणि तिथं लीगची मॅच मिळायला 2016 उजाडलं, म्हणजे कडाक्याच्या थंडीत प्रॅक्टिस करायची आणि मॅचच्या दिवशी दुसऱ्याला बघत बसायचं. त्याच वर्षी तो युरोपा लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत, खेळलेला पहिला भारतीय झाला.

आता कोणी म्हणेल इटलीचा कीपर डोनारुम्मा तर 16 व्या वर्षीच मिलान क्लबकडून खेळला. खेळला ना, पण असे किती निघतात? आणि लवकर जागा मिळाली म्हणजे ती टिकतेच असंही नाही. स्पेनचा कीपर कॅसियास 19 पूर्ण होऊन चारच दिवस झाले होते तेव्हा रेआल माद्रिदकडून 2000 ची चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) फायनल खेळला, अन् 2002 च्या फायनलला हाच माणूस बेंचवर! त्याच्या जागी खेळणाऱ्या सेसारला लागलं म्हणून आत आला आणि शेवटी काय एकेक बॉल काढले त्यानं. इटलीचा कीपर बफॉन तर 45 व्या वर्षापर्यंत खेळला, म्हणजे कीपरकडे टाइम असतो.

माझं मत विचाराल तर पाठवा. प्रॅक्टिसमध्ये शंभर शॉट अडवणं वेगळं आणि 80 व्या मिनिटाला कॉर्नरवर पाच जण अंगावर येत असताना बाहेर निघायचं की लाइनवर थांबायचं हे ठरवणं वेगळं, ते मॅचमध्येच शिकता येतं. पण सही करायच्या आधी लेखी विचारा : पगार कोण देणार, लागलं तर इलाज कोणाच्या खर्चानं, मधेच परत बोलवता येतं का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या टीमकडे गोलकीपर कोच आहे का आणि पहिला कीपर कोण आहे. तिथंही बेंचवरच बसायचं असेल तर काहून जायचं?

रेल्वेचं म्हणाल तर मेहुणे चुकीचं बोलत नाहीत, स्पोर्ट्स कोटा चांगलाच आहे. फॉर्म निघाला तर भरून ठेवा, पण तिथंही खेळलेल्या मॅचेसच बघतात हो.

प्रश्न : मी कामठीची, 15 वर्षांची कीपर. ग्लोव्हज लगेच फाटतात, घरचे ओरडतात. आणि मुलींना यात पुढे काही आहे का?

उत्तर : आहे ना, अदिती चौहान 2015 मध्ये वेस्ट हॅमच्या महिला टीमकडून इंग्लंडमध्ये खेळली, तीही कीपरच. ग्लोव्हजचं असं आहे की आपल्याकडचं ग्राउंड मे महिन्यात सिमेंटसारखं होतं आणि ग्लोव्हजच्या तळव्याचं लॅटेक्स, म्हणजे रबर, मऊ, घासलं की गेलं. जुनी जोडी प्रॅक्टिसला, नवी फक्त मॅचला ठेव. घालायच्या आधी तळवे थोडे ओले कर, पकडही बसते. पडल्यावर तळवा टेकवून उठायची सवय सोड, मूठ करून उठ. कोमट पाण्यानं हातानं धुवून सावलीत वाळव, गच्चीवर उन्हात टाकलेस तर लॅटेक्स कडक होऊन तडकेल.