आपला तो क्षोभ, दुसऱ्याचा तो द्वेष

प्रश्न असा आला आहे : अमेरिकेच्या राजकारणावरच्या एका मराठी लेखात ‘बुश यांच्या काळातला जनक्षोभ आणि ओबामांच्या काळातला द्वेष’ अशी तुलना होती. राग, रोष, संताप, क्षोभ, द्वेष हे सगळे समानार्थीच ना? मग एका अध्यक्षाच्या वाट्याला एक शब्द आणि दुसऱ्याच्या वाट्याला दुसरा, हे का? की लेखकाने नुसती पुनरुक्ती टाळली?

पुनरुक्ती टाळायला म्हणून शब्द बदलला असेल तर फार महागात बदलला. हे शब्द शाळेच्या वहीत एका कंसात बसतात, वाक्यात बसत नाहीत. करून बघा. ‘मला राग आला’ म्हणतो. ‘मला द्वेष आला’ कुणी म्हणत नाही. राग येतो, जातो, निवळतो. तो पाहुणा आहे, त्याच्या येण्यात आपला हात नसतो. द्वेष मात्र आपण करतो. तो बाळगतो, जोपासतो. करणारा आपण, म्हणून जबाबही आपणच द्यायचा. आणि क्षोभ? ‘मला क्षोभ आला’ हेही होत नाही. क्षोभ लोकांचा असतो, नाहीतर समुद्राचा. ‘क्षुभ्’ म्हणजे ढवळून निघणं. तो उसळतो, आणि उसळणाऱ्या लाटेला कुणी दोष देत नाही, वारा कुठून आला तेवढं विचारतं.

म्हणजे त्या लेखकाने काय केलं ते पाहा. बुश यांच्या विरोधकांना त्याने लाट केलं आणि ओबामांच्या विरोधकांना दोषी माणसं. एक आकडा न देता, एक घटना न सांगता निकाल लागलासुद्धा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मला खात्री आहे, विरुद्ध बाजूच्या कुणी हाच लेख लिहिला असता तर दोन्ही शब्दांनी निमूटपणे जागा बदलल्या असत्या.

मग बरोबर शब्द कोणता? इथे ‘रोष’ या शब्दाजवळ जरा थांबतो, कारण मला तो या सगळ्या घराण्यातला सर्वात शहाणा वाटतो. रोष आणि रुसणं एकाच धातूतून आले, ‘रुष्’मधून. रोष संस्कृतातून जसाच्या तसा आला, रुसणं-रुसवा प्राकृताच्या वाटेने घासून-पुसून आले. आता रुसतो कोण? वाटेवरचा माणूस रुसत नाही. रुसतो दिवाळसणाला आलेला जावई, कारण त्याचा हक्क आहे आणि अपेक्षा आहे. रोषातही ती अपेक्षा शिल्लक आहे. देवाचा रोष होतो, मतदारांचा होतो. दोघांनाही आपण काहीतरी कबूल केलेलं असतं. ‘रोष ओढवून घेतला’, ‘रोष पत्करला’ या वाक्यांचा कर्ताही रागावणारा नसतो, ज्याच्यावर राग निघाला तो असतो. त्याने काहीतरी केलं किंवा करायचं राहिलं, हे व्याकरणातच आलं.

ही फूटपट्टी घेऊन बुश यांच्याकडे पाहू. 11 सप्टेंबर 2001 नंतर गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत त्यांच्या कामाला पसंती देणारे 90 टक्के होते. 2008च्या शरद ऋतूत तोच आकडा 25 वर आला. मधल्या काळात इराकचं युद्ध झालं, 2005च्या ऑगस्टअखेर कतरिना वादळाने न्यू ऑर्लीन्स बुडालं आणि मदत दिवसेंदिवस पोचली नाही, शेवटी बँका कोसळल्या. जे 90 मध्ये होते आणि 25 मध्ये उरले नाहीत, त्यांचं जे झालं ते रोष. त्यांनी आधी भरवसा टाकला होता. (गॅलप ‘राग आला का’ असं विचारत नाही हेही लक्षात असू द्या. कामकाज पसंत की नापसंत, एवढाच त्यांचा प्रश्न. नापसंतीच्या टक्क्यांना ‘संतापाचे टक्के’ म्हणणारे मथळे मराठीत सर्रास येतात, ते चूक आहेत.)

पण बुश यांच्यावर पहिल्या दिवसापासून खवळलेलेही होते. 2000 सालची निवडणूक फ्लोरिडात 537 मतांवर येऊन थांबली, फेरमोजणी सर्वोच्च न्यायालयाने थांबवली, आणि 20 जानेवारी 2001ला शपथविधीच्या मिरवणुकीत अध्यक्षांच्या गाडीवर अंडी पडली. त्यांनी तेव्हा युद्ध केलं नव्हतं, काहीच केलं नव्हतं. याला रोष म्हणता येणार नाही. याला मराठीत ‘आकस’ आहे, आणि तो अनेक वर्षं टिकला तर ‘डूख धरणं’ आहे. नाग डूख धरतो म्हणतात तसा.

आता ओबामा. 20 जानेवारी 2009ला शपथ झाली. 19 फेब्रुवारीला, म्हणजे अंगाची हळद उतरायच्या आत, शिकागोच्या वायदेबाजारात उभा राहून एक टीव्ही पत्रकार भडकला. घरकर्ज थकलेल्यांना मदत करायची सरकारची योजना होती. तो आजूबाजूच्या दलालांकडे वळून विचारत होता, ज्याने जादा बाथरूमचं घर घेतलं आणि ज्याला आता हप्ते झेपत नाहीत, त्या शेजाऱ्याचं कर्ज फेडायला तुमच्यातले किती तयार आहेत? हूट उठली. सरकारी खर्च आणि करांविरुद्ध ‘टी पार्टी’ या नावाने चाललेल्या चळवळीला तिथून वारा मिळाला. हा भाव आपल्याला परका नाही. कर्जमाफीच्या वेळी ‘आम्ही हप्ते वेळेवर भरले ते मूर्ख म्हणून का?’ असं विचारणारा शेतकरी गावोगाव भेटतो. त्याच्या भावनेला मराठीत नेमका शब्द आहे, ‘चीड’. चीड अन्यायाची येते, निदान ज्याला ती येते त्याला तो अन्याय वाटत असतो. मत्सराची चीड येत नाही, ढोंगाची येते. शिकागोत जे झालं ते माझ्या मते चीड होतं, मग तुम्हाला तो युक्तिवाद पटो न पटो.

यात एक गंमत आहे. बँकांना वाचवायचा 700 अब्ज डॉलरचा कायदा ओबामांचा नव्हेच. त्यावर सही बुश यांनी 3 ऑक्टोबर 2008ला केली. सामान्य माणसाच्या डोळ्यांत खुपत होती ती हीच रक्कम, पण खापर फुटेपर्यंत डोकं बदललं होतं. राग एकच, अध्यक्ष दोन. अशा ठिकाणी ‘बुशविरुद्धचा राग’ आणि ‘ओबामाविरुद्धचा राग’ असे दोन ढीग घालून मापं काढणं म्हणजे एकाच पोत्यातले तांदूळ दोनदा मोजणं.

ओबामांच्या वाट्यालाही आकस आलाच. ते अमेरिकेत जन्मलेच नाहीत, ही वावडी इतकी चालली की 27 एप्रिल 2011ला व्हाइट हाउसने त्यांचा सविस्तर जन्मदाखला प्रसिद्ध केला. फ्लोरिडावाले म्हणत होते हा निवडून आलेला नाही, दाखलावाले म्हणत होते हा इथला नाही. पहिल्या तक्रारीमागे खरोखरची अटीतटीची मोजणी होती, दुसरीमागे निखालस खोटं. हा फरक पुसू नये. पण भाव म्हणून पाहिलं तर दोघांचं वाक्य एकच निघतं : ‘हा आमचा अध्यक्षच नव्हे’. 2016मध्ये ट्रम्प निवडून आल्यावर तर ते फलकांवरच आलं. याला राग म्हणायलाही मी कचरेन. राग यायला आधी नातं लागतं, इथे नात्यालाच नकार आहे.

रोषाचा हिशेब मतपेटीत होतो, आणि तो दोघांचाही झाला. 2006च्या नोव्हेंबरात बुश यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृह आणि सिनेट दोन्ही गमावली. दुसऱ्या दिवशी पत्रकारांपुढे ते म्हणाले, ‘थंपिंग’ झालं. 2010मध्ये ओबामांच्या पक्षाच्या प्रतिनिधिगृहातल्या 63 जागा गेल्या. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, ‘शेलॅकिंग’ झालं. दोन्ही शब्द मुक्या माराचे, बोलीतले. आपण ‘चोप बसला’ म्हणतो तसे. एक टेक्सासच्या वळणाचा, एक वकिली वळणाचा, पण पाठ चोळायची पद्धत सारखी. (शेलॅक म्हणजे आपली लाख. शिव्यांच्या लाखोलीशी तिचं नातं जोडायचा मोह होतो, पण ती लाखोली संख्येची, देवाला लक्ष बेलपानं वाहायची, मोह आवरावा.)

संताप या शब्दाची गफलतही याच निमित्ताने काढून टाकू. त्यात ‘ताप’ आहे; संताप म्हणजे आतून भाजणं. ज्याला भोगावं लागलं त्याचा संताप. 14 डिसेंबर 2008ला बगदादमध्ये एका इराकी पत्रकाराने बुश यांच्यावर आधी एक, मग दुसरा बूट भिरकावला. दुसरा फेकताना तो विधवांची आणि अनाथांची नावं घेत होता. तो संताप. बुश यांनी दोन्ही चुकवले आणि बूट दहा नंबरचा होता, असा विनोद केला. आता ‘जोडा’ आला म्हणून आपल्याकडच्या ‘जोडे मारो आंदोलना’शी याची सांगड घालू नका. आपल्या चौकात फोटोला जोडे मारताना कार्यकर्ते फोटोग्राफर येईपर्यंत चहा घेत उभे असतात. तो निषेध झाला. विधी आहे तो, आणि विधीला ताप चढलेला नसला तरी चालतो.

विधीवरून बायडेन आठवले. 2 ऑक्टोबर 2021ला अलाबामातल्या टॅलाडेगाच्या मोटार शर्यतीत प्रेक्षक त्यांच्या नावाने एक अर्वाच्य घोषणा देत होते, आणि विजेत्या ब्रँडन ब्राउनची मुलाखत घेणारी वार्ताहर म्हणाली की लोक ‘लेट्स गो ब्रँडन’ म्हणताहेत. त्यानंतर ते सोज्वळ वाक्यच शिवी होऊन बसलं, टोप्यांवर आणि गाड्यांच्या मागे चिकटलं. याला क्षोभ म्हणणं क्षोभाचा अपमान आहे. आपल्याकडे याला ‘नावानं शिमगा करणं’ म्हणतात. शिमग्यात ओरडणाऱ्याला राग आलेलाच असतो असं नाही, पण बोंब मात्र सगळ्यांनी मिळून मारायची आणि मजा घ्यायची.

आणखी एक जुना शब्द या कामी धावून येतो. 2016च्या निवडणुकीच्या रात्री कॅनडाचं स्थलांतराचं संकेतस्थळ भार न सोसून बंद पडलं होतं. ‘हा निवडून आला तर मी देश सोडतो’ ही धमकी प्रत्येक निवडणुकीला कुणीतरी देतंच. हा ‘त्रागा’. पूर्वी त्रागा म्हणजे समोरच्याच्या दारात स्वतःला इजा करून घेऊन त्याच्या माथी पाप मारणं. आता इजा घेत नाहीत, अर्ज भरतात, पण ‘माझं वाईट होईल आणि ते तुझ्यामुळे’ हा गाभा शाबूत आहे.

न्यू जर्सीतली माझी मावसबहीण यातला एकही शब्द वापरत नाही. ती ट्रम्प यांच्याविषयी म्हणते, ‘तो माझ्या डोक्यात जातो’. तिचा नवरा हेच हिलरी क्लिंटनबद्दल म्हणतो. ‘डोक्यात जाणं’ ही आपल्या पिढीची या प्रांतात पडलेली मोठी भर आहे. कारण द्यावं लागत नाही, समोरच्याने काही करावं लागत नाही. तो नुसता असला की पुरतं. बुश यांचं ते तिरकं हसू, ओबामांचं ते मास्तरासारखं समजावणं कित्येकांच्या डोक्यात गेलं असणार. शिवाय तिच्या वाक्यातला ‘तो’ पाहा. वर्तमानपत्रात ट्रम्प ‘म्हणाले’, घरात ‘तो म्हणाला’. राग मोजायला इंग्रजीला विशेषणं लागतात, आपल्याकडे आदरार्थी अनेकवचन गळून पडलं की काम झालं.

दुसऱ्याच्या रागाला आजार ठरवायचीही जुनी खोड आहे. चार्ल्स क्राउथॅमर हे स्तंभलेखक मूळचे मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी 2003मध्ये बुश यांच्या टीकाकारांना ‘बुश डिरेंजमेंट सिंड्रोम’, म्हणजे बुश यांच्यापायी भान सुटण्याचा विकार, झाल्याचं गमतीने निदान केलं. पुढे ते नाव बदलून ट्रम्प यांच्या टीकाकारांना लावलं गेलं. याचं भाषांतर कसं करायचं असं मला मागे एकाने विचारलं होतं. ‘बुशची कावीळ’, आणखी काय? आपल्याकडे मात्र हा प्रश्न उलट दिशेने विचारला गेलेला आहे. 1897मध्ये प्लेगच्या बंदोबस्तानंतर आणि रँडच्या खुनानंतर ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असं ‘केसरी’ने विचारलं ते राज्यकर्त्यांना, चिडलेल्या प्रजेला नव्हे. पुढे व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकाराने टिळकांना हिंदी असंतोषाचे जनक म्हटलं ते दूषण म्हणून. आपण ते बिरुद म्हणून मिरवतो. शब्द तोच, फक्त उच्चारणारं तोंड बदललं.

आता तुमचं मूळ वाक्य. लेखकाच्या जागी मी असतो तर आधी दोन्ही नावांची अदलाबदल करून वाक्य मोठ्याने वाचलं असतं. ‘ओबामांच्या काळातला जनक्षोभ आणि बुश यांच्या काळातला द्वेष’ हे खटकलं असतं तर समजलो असतो की शब्द मी निवडले नव्हते, माझ्या मताने निवडले होते. मग असं लिहिलं असतं : ‘बुश आणि ओबामा दोघांनाही मतदारांच्या रोषाला तोंड द्यावं लागलं, आणि दोघांबद्दलही काहींच्या मनात पहिल्या दिवसापासून आकस होता’. आणि ‘ओबामांचा राग’ असं कुठेही येऊ दिलं नसतं. मराठीत त्याचा अर्थ ओबामांना आलेला राग असाही होतो, आणि ते तर रागवत नाहीत म्हणूनच अर्धी माणसं त्यांच्यावर रागावली होती.