नव्या एसएसडीवर (वेगवान डिस्कवर) विंडोज क्लोन केलं, म्हणजे जुन्या डिस्कवरून जसंच्या तसं कॉपी केलं, पण कॉम्प्युटर सुरूच होत नाही. काय करू?

क्लोन पूर्ण झाला तरी ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ येतंय ना? आधी जुनी डिस्क काढून ठेवा. दोन्ही जोडलेल्या असल्या की विंडोज गोंधळतं. मग बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बूटचा क्रम, म्हणजे कॉम्प्युटर आधी कोणत्या डिस्कवरून सुरू होतो ते बघा. जीपीटी आणि एमबीआर हे डिस्कची विभागणी नोंदवण्याचे दोन प्रकार: डिस्क जीपीटी असेल तर बायोसमध्ये यूईएफआय (नवा) मोड हवा, एमबीआर असेल तर लेगसी (जुना).

खरा घोळ बहुतेक वेळा वेगळाच असतो: फक्त सी ड्राइव्ह कॉपी होतो आणि साधारण 100 एमबीचं ईएफआय पार्टिशन (डिस्कचा विंडोज सुरू करणारा छोटा भाग) मागे राहतं. तसं झालं असेल तर पूर्ण डिस्क पुन्हा क्लोन करा. पार्टिशन असूनही अडलं तर विंडोजच्या यूएसबीवरून ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवा.

एसएसडी साटा केबलने (डिस्क जोडणाऱ्या वायरने) जोडलेली असेल तर ती केबलही काढून घट्ट बसवा. आणि तुमचे फोटो नव्या डिस्कवर उघडून बघेपर्यंत जुनी डिस्क अजिबात फॉरमॅट करू नका.