आजी ‘राहू दे’ म्हणतात तेव्हा

या वेळी घरातल्या वयस्कर माणसांच्या लशी आणि तपासण्या यावरच जास्त पत्रं आलीत, त्यातली तीन घेतेय.

ताई, सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत, खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून घराबाहेर पडलेल्याच नाहीत. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. लसीकरण केंद्रात विचारलं तर पेशंटला घेऊन या एवढंच म्हणाले. त्यात त्या स्वतःच म्हणतात, राहू दे गं, मी कुठे बाहेर जाते. मग आम्हीही सोडून दिलं. चुकलं का आमचं? – एक सून

चुकलं असं नाही म्हणणार, पण सोडून मात्र देऊ नका. मी बरीच वर्षं घरोघरी जाऊन लस देणाऱ्या टीममध्ये नर्स होते, तेव्हा हे ‘राहू दे’ मी खूप ऐकलंय. त्यात लशीला विरोध क्वचितच असतो, बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो की माझ्यामुळे तुम्हाला रजा काढावी लागेल, दोघांना मला खुर्चीत बसवून जिना उतरवावा लागेल, तिथे बाथरूम जवळ असेल की नाही कोण जाणे. एक आजी तीन वर्षं नको नको म्हणत होत्या, शेवटी आम्हीच घरी गेलो तर पलंगाच्या कडेला बसलेल्या आणि डावी बाही आधीच खांद्यापर्यंत दुमडून ठेवलेली. दाराची बेल वाजायच्या आधीपासून तशाच बसल्या होत्या म्हणे. तेव्हा सासूबाईंना ‘लस घ्यायची का’ असं न विचारता ‘नर्स घरी आली तर घ्याल का’ असं विचारून बघा, उत्तर बदलेल.

आणि ‘मी कुठे बाहेर जाते’ याचं म्हणाल तर फ्लू आपल्या पायाने घरात येतो, नातवंडाबरोबर, तुमच्याबरोबर, त्यांना आंघोळ घालायला येणाऱ्या बाईंबरोबर. म्हणून घरातल्यांनी आणि त्या बाईंनीही फ्लूची लस घ्यायची, कारण वयाबरोबर प्रतिकारशक्ती मंदावते आणि म्हाताऱ्या शरीरात लशीचा असर तरुणांपेक्षा कमी होतो. म्हणूनच त्यांच्यासाठी चौपट अँटिजेन म्हणजे शरीराला विषाणूची ओळख करून देणारा घटक असलेली हाय डोस लसही बनवलीय, मिळत असेल तर जरूर विचारा, नसेल तर साधी घ्या, अडून राहू नका. विषाणू बदलत राहतो आणि लशीचं संरक्षणही ओसरतं म्हणून ती दर वर्षी लागते. फ्लू म्हणजे सर्दीखोकला असं लोक समजतात, पण २०१८ साली कॅनडातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात फ्लूचं निदान झाल्यावरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण साधारण सहापट दिसलं होतं.

नागीण तर बाहेरून यायचीही गरज नाही. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो विषाणू नसांच्या मुळाशी पडून राहतो आणि म्हातारपणी प्रतिकारशक्ती घटली की उठतो, फोड बरे झाले तरी मागे राहणारी आग कधी कधी महिनोन्‌महिने जात नाही, नुसता कपडा लागला तरी माणूस कळवळतो. तिची नवी लस जिवंत विषाणूची नाही, दोन डोस असतात, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. न्यूमोनियाची म्हणजे न्यूमोकोकसची लस फ्लूच्या लशीबरोबर एकाच भेटीत, दुसऱ्या दंडात देता येते, त्यामुळे नर्स एकदा येतेय तर दोन्ही उरकून घ्या आणि रक्ताची तपासणी करायची असेल तर सॅम्पलही तेव्हाच द्या.

आता केंद्रवाले का येत नाहीत, तर लस २ ते ८ अंशांतच न्यावी लागते आणि दहा डोसची बाटली असेल तर काही लशींची ती एकदा उघडली की थोड्याच तासांत संपवावी लागते, एका माणसासाठी ती फोडणं त्यांच्या जिवावर येतं. म्हणून आसपास अंथरुणाला खिळलेले आणखी चारपाच जण शोधा आणि सगळ्यांची नावं एकत्र घेऊन जा, किंवा एकाच डोसची भरलेली सिरिंज मिळते का विचारा. सासूबाईंना रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधीच सांगा. लस त्यामुळे थांबत नाही, फक्त सुई बारीक वापरायची आणि नंतर दोन मिनिटं घट्ट दाबून धरायचं, चोळायचं नाही.

वडील ७९, डायबेटिस आणि थोडा डिमेन्शिया. मागच्या महिन्यात अचानक जेवेनासे झाले, बडबडायला लागले, दोनदा पडले. ताप नव्हता म्हणून आम्ही वयाचं समजलो, पाचव्या दिवशी न्यूमोनिया निघाला. आता बरे आहेत, पण मनातून जात नाहीये. – एक मुलगा

तुमची तगमग कळतेय. ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही हे आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात बसलंय, पण म्हाताऱ्या माणसांना बऱ्याचदा तापच भरत नाही. त्यांचं नेहमीचं तापमानच कमी असतं, म्हणून ते १०० फॅरनहाइटवर गेलं किंवा त्यांच्या रोजच्यापेक्षा दोन डिग्री वाढलं तरी तो ताप धरायचा. बरे असतानाच दोनचार दिवस मोजून लिहून ठेवा.

म्हातारपण हळूहळू येतं हो, दोन दिवसांत येत नाही. अचानक बडबड, पडणं, अन्न सोडणं, सारखी झोप असं काही दिसलं की लगेच साखर बघायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. टेस्ट लवकर का, तर फ्लूचं औषध ४८ तासांच्या आत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं लागू पडतं आणि कोविडच्या गोळ्या पाच दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात, आपण वाट बघण्यात तेच दिवस घालवतो. घरी केलेली कोविडची रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही, ४८ तासांनी परत करायची.

एक न विचारलेलंही सांगते. इन्सुलिनवरच्या माणसाला उपाशी पोटी लॅबच्या रांगेत उभं करू नका, साखर एकदम उतरते. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसीला उपाशी राहावंच लागत नाही. जिथे उपाशी लागतं तिथे आधी डॉक्टरांना विचारून इन्सुलिनचं ठरवा आणि सकाळी पहिलं सॅम्पल घरूनच द्या.

आम्ही काही जण एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी लसीकरण शिबिर घेतोय. नोंदणी ऑनलाइन ठेवली तर अगदी थोडी नावं आली. – एक कार्यकर्ता

ज्यांच्यासाठी शिबिर, त्यांच्यातल्या कितीतरी जणांकडे ओटीपी यायला मोबाइलच नसतो, आणि अंगठा लावायला सांगाल तर झिजलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही. वही घ्या आणि दारोदार जा. त्यांना रोज भेटणारी माणसं म्हणजे औषधाच्या दुकानातला मुलगा, पोस्टमन, यांना विचारलंत तर यादी दुप्पट होईल. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला मोठ्या अक्षरात लिहून द्या. डिमेन्शिया असेल तर ओळखीचं माणूस बरोबर हवं आणि वेळ सकाळची. लस घेतल्यावर १५ मिनिटं बसवून ठेवायचं असतं, तेव्हा पाठ टेकता येईल अशा हाताच्या खुर्च्या आणा, स्टूल नको. कार्डावर लशीचं नाव, तारीख, बॅच नंबर लिहा, पुढच्या डोसची तारीख मात्र तुमच्या वहीतही हवी, कारण कार्ड हरवतं. आणि वहीत नावापुढे एक रकाना ठेवा, ‘आणणार कोण, परत सोडणार कोण’. तो रिकामा दिसला की त्या घरी आदल्या दिवशीच जाऊन या.