पाळकसेवेसाठी नोकरी सोडावी का?

प्रश्न : वय 42, हातात पगार 48,000. आमची मंडळी (चर्च) पूर्णवेळ पाळक (धर्मगुरू) म्हणून दरमहा 18,000 द्यायला तयार आहे. पत्नीच्या शिकवण्यांचे 8,000 येतात. गृहकर्जाचा 14,000 चा हप्ता धरून घरखर्च 38,000. कर्ज अजून 11 वर्षं. पीएफचे 9 लाख काढून नोकरी सोडावी म्हणतो. सुवार्ता (येशूचा संदेश) सांगणाऱ्यांनी सुवार्तेवरच उपजीविका करावी, असं प्रेषित पौलानंच लिहिलंय ना?

उत्तर : लिहिलंय, बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात. पण लगेच पुढच्या वचनात तो म्हणतो की हा हक्क मी वापरलेला नाही. करिंथात तो अक्विल्ला-प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहुट्या (तंबू) बनवून पोट भरत होता. सीला आणि तीमथ्य हे सहकारी मासेदोनिया प्रांतातून आल्यावर तो वचनाच्या सेवेत (उपदेशात) पुरता गुंतला. आपली गरज मासेदोनियाच्या बांधवांनी भागवली, हे करिंथकरांसच दुसऱ्या पत्रात आहे. दोन्ही उल्लेख जोडून वाचले तर आधी मदत पोचली, मग धंदा मागे पडला. तुमचा क्रम नेमका उलटा आहे.

तूट महिन्याला 12,000, म्हणजे वर्षाला 1.44 लाख. महागाई शून्य धरली तरी पीएफ व्याजासकट सात-आठ वर्षांत संपेल आणि कर्जाचे हप्ते तेव्हाही बाकी असतील. कंपनीचा आरोग्य विमाही जाईल. त्याचा हप्ता तुमच्या हिशेबात दिसत नाही.

दुसरं, 18,000 ला पगार समजू नका. तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या मंडळीत वडिलांना (सेवा करणाऱ्या वडीलधाऱ्यांना) दरमहा जमलेल्या दानातून वाटा मिळे. रोममध्ये नातालियसनं एका पाखंडी गटाचा बिशप होऊन महिना 150 दिनार ठरवून घेतले, तर तो पैशाचा लोभ मानला गेला. तुमचंही मानधन अर्पणावरच चालणार, आणि मे महिन्यात अर्धी मंडळी गावी असते.

म्हणून नोकरी ठेवून शनिवार-रविवार सेवा सुरू करा. मंडळीनं 18,000 आत्तापासूनच दरमहा वेगळ्या खात्यात टाकावेत. तुमच्या सेवेचे म्हणून तुम्हाला मिळाले तर ते करपात्र उत्पन्न म्हणून दाखवा. वर्षभर एकही महिना चुकला नाही, तर 2.16 लाख जमतील. साडेपाच महिन्यांच्या खर्चाची सोय झाली. तरीही राजीनामा देण्याआधी मानधनाचा आकडा निदान 30,000 वर न्या आणि कुटुंबाचा आरोग्य विमा स्वतंत्र घ्या. पीएफला हात लावू नका.

मानधनाचा ठराव मंडळीच्या पंचकमिटीच्या इतिवृत्तात लेखी हवा. त्या खात्यावर दोन सह्या असाव्यात, त्यांतली एकही तुमची नको. यरुशलेमसाठीची वर्गणी पोचवताना कुणी बोट दाखवू नये म्हणून पौलानंही आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस पाठवला होता.