सांगलीत लाइट सारखी जाते. गाण्यांच्या सर्व्हरला (गाणी साठवून वाजवणाऱ्या संगणकाला) महागडा लिनिअर पॉवर सप्लाय, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवाला कमी गोंगाटाचा वीजपुरवठा, घ्यावा का?
नको, आधी घराचं अर्थिंग तपासून घ्या. सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. तेवढं वाजवायला रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक आणि त्याचा ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा मूळ अडॅप्टर भरपूर झाला. आवाजाचा खरा कस लागतो डॅकमध्ये, म्हणजे डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणाऱ्या उपकरणात. पैसे तिथे घाला. स्पीकरमधून बारीक घुंऽऽ येत असेल तर बहुतेकदा ग्राउंड लूप असतो, म्हणजे उपकरणांची अर्थिंग एकाहून जास्त वाटांनी जोडली गेलेली असते. सर्व्हर, डॅक, अँप्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा. पायची केस (पेटी) बिनपंख्याची, हीटसिंकवाली (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांची) घ्या; भीमसेनांच्या विलंबितात पंख्याची घरघर कोणाला हवीय? आणि वळवाच्या पावसात विश्रामबागेत काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. चालू असताना वीज गेली की मेमरी कार्ड बिघडू शकतं, तेव्हा छोटा यूपीएस घ्याच. गाणी फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता फाइल लहान करणारा प्रकार) एसएसडीवर, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर.